मेडिकल किती लांब?

नमस्कार मंडळी. आज एक साधा प्रश्न विचारते, तुमच्या घरापासून मेडिकल किती लांब आहे? बेळगाव शहरात टिळकवाडीत, शहापुरात, खडेबाजारात राहणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, चप्पल पायात घातली की कोपऱ्यावर दुकान, आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास तर एकाला लागून एक. पण हेच खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं विचारा, नाहीतर भीमगडच्या जंगलात गवाळी, कोंगळा, पास्तोलीत विचारा, तिथं माणूस किलोमीटर सांगत नाही, बस किती वाजता आहे ते सांगतो. पावसाळ्यात तर तेही सांगता येत नाही.

माझी आत्या त्याच पट्ट्यात राहते. बीपीची गोळी, रोज सकाळी एक. मागच्या जुलैत गोळ्या संपल्या, ओढ्याला पाणी आलेलं, बस बंद, आणि तिनं कुणाला सांगितलंच नाही, एका गोळीसाठी पोराला कशाला पावसात पाठवू म्हणून नऊ दिवस तशीच काढली. दहाव्या दिवशी चक्कर येऊन चुलीजवळ पडली. वाचली, हात तेवढा भाजला. मला अजून त्याचा राग येतो, पण तो आत्यावर नाही ओ.

आता असं का होतं बघा. मेडिकल काढायला लायसन लागतं, किमान १० चौरस मीटर जागा लागते, रजिस्टर्ड फार्मासिस्ट लागतो, आणि हे सगळं बरोबरच आहे, औषध म्हणजे काय शेंगदाणे नव्हेत. पण दुकान चालतं ते चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर जिथं बसतो तिथंच. ज्या गावात डॉक्टर नाही, गिऱ्हाईक चाळीस-पन्नास घरांचं, तिथं कोण भाडं भरून बसणार? मग गवळी धनगरांच्या वाड्यावर साधा तापसुद्धा खानापूरच्या बसची वाट बघत बसतो.

एक गोष्ट फार जणांना माहीत नाही म्हणून सांगते. १९४५ च्या औषध नियमांत सवलत आहे, हजारापर्यंत वस्तीच्या, मेडिकल नसलेल्या गावात किराणा दुकानदाराला पॅरासिटामॉल, बाम, खोकल्याच्या गोळ्या अशा मोजक्या घरगुती गोष्टी लायसनशिवाय ठेवता येतात. अँटिबायोटिक मात्र नाही, बीपी-शुगरच्या गोळ्याही नाहीत. म्हणजे ताप भागतो, आत्याची गोळी भागत नाही.

त्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, तेव्हा पावसाळा लागायच्या आधी आशाताईंना सांगून ठेवा, आणि डॉक्टरना सरळ म्हणा, साहेब, आमच्याकडं बस बंद पडते, जास्तीच्या गोळ्या लिहून द्या. लाजू नका. बीपीची गोळी मनानं मध्येच तोडू नका. घरात इन्सुलिन असेल आणि फ्रिज नसेल तर चुलीपासून लांब, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवा, पण बाटलीत पाणी शिरू देऊ नका.

आणि अजून एक. दुकानदार स्ट्रिप कापून अर्धी देतो तेव्हा नाव आणि तारीख छापलेला भाग बऱ्याचदा त्याच्याकडंच राहतो, आपल्या हातात नुसत्या चंदेरी चौकोनातल्या गोळ्या. तो नावाचा तुकडा मागून घ्या, नाही मिळाला तर मोबाईलवर फोटो काढा. आत्याला इंग्रजी वाचता येत नाही, आमच्यातल्या कितीतरी जणांना कन्नडही वाचता येत नाही, पण तो तुकडा दाखवला की कुठल्याही मेडिकलवाल्याला कळतं.

आत्या आता तेच करते. रिकाम्या पाकिटाचा तुकडा आणि पैसे एका पिशवीत बांधून वस्तीच्या बसच्या कंडक्टरकडं देते, तो खानापुरात स्टँडजवळच्या दुकानातून गोळ्या घेतो आणि संध्याकाळच्या फेरीत आणून देतो. मागच्या आठवड्यात तो रजेवर होता, तेव्हा ड्रायव्हरनं आणल्या.