पाणचक्कीत संसार

नमस्कार मंडळी. आवाज जरा सहन करून घ्या, पावसाळ्यात गोकाकला दुसरं काही ऐकूच येत नाही. घटप्रभा इथं 52 मीटर खाली पडते, आणि तो समोर झुलता पूल दिसतोय तो 201 मीटर लांब. बेळगावातनं येणारी पब्लिक पुलावर सेल्फी काढते, कणीस खाते आणि परत जाते. आपण कॅमेरा काठावरच्या सूतगिरणीकडं फिरवू. कंपनी 1885ची, गिरणी सुरू झाली 1887ला. ती इथंच का बांधली, बेळगाव शहरात का नाही, तर पाण्यासाठी. पडतं पाणी टर्बाइनवर घ्यायचं आणि त्यावर सूत कातायच्या चात्या फिरवायच्या. म्हणजे जागा मालकानं निवडली नाही, नदीनं निवडली.

आजचा विषय असल्याच इमारती, फक्त लहान. पाण्यावर धान्य दळणाऱ्या जुन्या पाणचक्क्या, ज्यात आता लोक घर करून राहतात. युरोपात अशी घरं भरपूर आहेत. आमच्या भागात का नाहीत? एक तर आमच्या नद्या. मलप्रभा काय, घटप्रभा काय, जुलै-ऑगस्टात पूल बुडवतात आणि एप्रिलात पात्रातनं चालत जावा. गिरणीला बारा महिने सारखं पाणी लागतं. आणि दुसरं म्हणजे दळण घरातच व्हायचं, पहाटे उठून बायका जात्यावर बसायच्या, ते श्रम कुणी मोजतच नव्हतं, मग चाक बसवायचा खर्च कोण करणार? छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आहे की, पण तिथंही लांबनं नहर करून, मातीच्या नळांतनं पाणी आणायला लागलं.

आता स्क्रीनवर बघा. इंग्लंडातल्या गिरणीची इमारत मधनं उभी कापली तर अशी दिसते. गंमत म्हणजे सगळं वरनं खाली चालतं. धान्याचं पोतं कप्पीनं थेट सगळ्यात वरच्या मजल्यावर, तिथं कोठारं. खालच्या मजल्यावर दगड. त्याच्या खाली पीठ पोत्यात भरायची जागा. बाहेर, नाहीतर भिंतीला लागून, चाक. एकदा पोतं वर गेलं की पुढचं काम धान्याचं वजनच करतं.

दगड म्हणजे आपलं जातंच, पण साधारण चार फुटी आणि टनाच्या आसपास वजनाचं. ह्यालाही मधून मधून टाकी लावायला लागते, म्हणजे छिन्नीनं ठोकून दगड परत खरबरीत करायचा. चाक बाहेर मिनिटाला आठ-दहा फेरे घेतं, आत दगड शंभर-सव्वाशे. मधे दातेरी चाकांची जोडणी, आणि लोखंडी चाकाला मुद्दाम लाकडी दात बसवायचे, म्हणजे आवाज कमी, आणि मोडला तर एक दात बदलायचा, अख्खं चाक नाही. चाकावर पाणी वरनं सोडायचं की खालनं ढकलायचं, हाही मोठा प्रश्न होता. जॉन स्मीटन नावाच्या इंजिनिअरनं लहान मॉडेलवर प्रयोग करून 1759 साली दाखवून दिलं की वरनं सोडलं तर तेवढ्याच पाण्यात दुप्पट काम होतं. आता वरनं सोडायचं म्हणजे पाट उंचावर पाहिजे, म्हणजे बांध वर पाहिजे, म्हणजे इमारत उताराला टेकून पाहिजे. घराचा नकाशा इथंच ठरला बघा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. दगड आणि दातेरी चाकं ज्या जाड लाकडी सांगाड्यावर उभी असतात, तो सांगाडा बाहेरच्या भिंतींना जोडायचा नाही, स्वतःच्या पायावर उभा करायचा. कारण हादरे. ते भिंतीत गेले तर भिंतीला तडे. म्हणजे इमारतीच्या आत दुसरी इमारत. आणि आजचा घेणारा पहिल्यांदा काय म्हणतो, हे मधलं लाकूड अडचण करतंय, काढा. काढलं की मग राहतं काय, लांबट खोली आणि चार खिडक्या. असली खोली बेळगावात टिळकवाडीत पण मिळते की!

राहायला सोपं नाही, ते पण सांगतो. तुळया खाली, उंच माणसाचं डोकं आपटणारच. वरचा मजला कोठारांचा, धान्याला उजेड कशाला, म्हणून खिडक्या बारक्या. गिरणीत शेकोटी सहसा नसायची, हवेत पीठ उडतं, ठिणगी पडली तर भडका. गिरणीवाला राहायचा शेजारच्या घरात. म्हणजे घर करायचं तर धुराडं नव्यानं काढा, छतात खिडक्या पाडा, आणि नदीकडच्या भिंतीची ओल, तिच्याशी जन्मभर भांडा. काही जण चाकाच्या खड्ड्यावर जाड काच टाकून तिथंच जेवायचं टेबल मांडतात. फोटोला झकास, मला मात्र जरा नाटकीच वाटतं.

हौस कुणाकुणाला होती बघा. 1936 साली ज्यानं इंग्लंडचं राज्य सोडलं तो आठवा एडवर्ड, त्यानं आणि त्याच्या बायकोनं 1952 साली पॅरिसजवळ जुनी गिरणीच घेतली सुट्टीला राहायला.

पण राजा असो नाहीतर मास्तर, पुराला सगळे सारखे. 2019च्या ऑगस्टात गोकाक गावात पाणी शिरलं होतं, ते आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. पाणचक्की तर मुद्दाम पाण्याच्या तोंडावरच बांधलेली. म्हणून शहाणा माणूस तळमजल्यावर फरशी ठेवतो, लाकूड नाही, विजेचे पॉइंट कमरेच्या वर घेतो, आणि स्वयंपाकघर चक्क पहिल्या मजल्यावर नेतो.

हल्ली काही मालक जुन्या पाटावर लहान टर्बाइन बसवून घरापुरती वीज काढतात. ऐकायला फुकट वाटतं. पण पाटाच्या तोंडाला जाळी असते, तिथं पालापाचोळा, काटक्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या अडकतात, पानगळीत तर रोजच काढायला लागतं. आणि रात्री जोराचा पाऊस लागला की कुणीतरी उठून बांधाचं दार वर उचलायला जायचं, नाहीतर पाणी थेट हॉलमध्ये. जुना गिरणीवाला पण तेच करायचा. घराच्या किमतीत हे काम धरलेलं असतं, ब्रोकर तेवढं सांगत नाही.