चार चौकोनांचा कागद

(पडद्यावर एक कोरा कागद दिसतो. एक हात त्यावर आधी उभी आणि मग आडवी रेघ ओढतो.)

गाडी पाहून झाली, रंग ठरला आणि गिऱ्हाईक टेबलाशी येऊन बसले, की नव्या मोटारीच्या शोरूममधला विक्रेता पुष्कळदा असा एक कागद पुढे ओढतो. दोन रेघांनी त्याचे चार चौकोन होतात. पहिल्या चौकोनात नव्या गाडीची किंमत येते, दुसऱ्यात गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीचे मोल, तिसऱ्यात सुरुवातीला भरायची रक्कम आणि चौथ्यात महिन्याचा हप्ता. या धंद्यात या पद्धतीला ‘फोर स्क्वेअर’ असे नाव आहे. आता कागदाच्या जागी बऱ्याच ठिकाणी टॅब्लेट आला असला तरी चौकोन तेच राहिले आहेत.

कागद दिसायला अगदी साधा आहे, पण त्यावर पुढे काय होते ते जवळून पाहू. गिऱ्हाईक म्हणते, जुन्या गाडीला फारच कमी भाव धरलात. विक्रेता क्षणभर थांबतो, दुसऱ्या चौकोनातला आकडा खोडून त्याच्यावर मोठा आकडा लिहितो आणि बोलता बोलता पहिल्या चौकोनातली सूट तेवढ्याने कमी करतो. गिऱ्हाईक म्हणते, हप्ता जड जाईल. विक्रेता हप्ताही उतरवतो, मात्र कर्जाची मुदत, जिला या कागदावर चौकोनच दिलेला नाही, ती पाच वर्षांवरून सात वर्षांवर जाते. खाडाखोड वाढत जाते, प्रत्येक खेपेला गिऱ्हाइकाच्या मनासारखे काहीतरी होते आणि तासाभराने ते खुशीत उठते. एकूण किती पैसे जाणार, हा आकडा मात्र त्या कागदावर कोठेच नसतो.

यात खोटे काही लिहिलेले नसते, म्हणूनच ही पद्धत टिकून आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेता यावे, एवढ्यासाठी चार वेगळे व्यवहार एका कागदावर मांडलेले असतात. ते व्यवहार पुन्हा वेगळे करता आले, की गिऱ्हाइकाचे निम्मे काम झाले, मग त्याला घासाघीस करण्याची कला येत असो वा नसो.

(चौथा चौकोन मोठा होत पडदा व्यापतो. त्यात फक्त ‘हप्ता’ हा शब्द दिसतो.)

सगळ्यांत जास्त पाणी मुरते ते चौथ्या चौकोनात. कोणत्याही चलनातले १,००,००० कर्ज वर्षाला ९ टक्के दराने ६० महिन्यांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २,०७६ येतो. तेच कर्ज ८४ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १,६०९ वर उतरतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपण महिन्याला साडेचारशेहून अधिक वाचवले. प्रत्यक्षात पहिल्या कर्जावर एकूण व्याज सुमारे २४,५०० भरावे लागते आणि दुसऱ्यावर सुमारे ३५,१००. गाडीची किंमत कवडीनेही कमी झालेली नाही. उलट दोन वर्षे अधिक हप्ते भरायचे आहेत, आणि तेही गाडी जुनी होऊन तिचा दुरुस्तीखर्च वाढू लागतो त्या काळात.

म्हणून “महिन्याला साधारण किती झेपेल?” हा अगदी आपुलकीने विचारलेला प्रश्न आला, तर त्याचे उत्तर देऊ नये. “हप्त्याचे नंतर पाहू, आधी सगळे कर आणि शुल्क धरून गाडीची पूर्ण किंमत सांगा,” एवढे शांतपणे म्हणावे. विक्रेता तोच प्रश्न शब्द बदलून आणखी दोनदा विचारील, तेव्हाही हेच उत्तर द्यावे. जुनी गाडी द्यायची आहे की नाही, याबद्दलही नव्या गाडीची किंमत कागदावर येईपर्यंत ताकास तूर लागू देऊ नये. ती बाहेर विकली तर किती येतील याचे दोनतीन अंदाज मात्र आधीच घेऊन ठेवावेत, नाहीतर दुसऱ्या चौकोनातल्या आकड्याची पारख करायला आपल्याकडे मापच राहत नाही.

(शोरूमबाहेरचे आवार दिसते. गाड्या ओळीने उभ्या आहेत आणि काहींच्या काचांवर धूळ बसली आहे.)

आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊ. आवारात उभ्या असलेल्या या गाड्या बहुतेक वेळा विक्रेत्याने स्वतःच्या गंगाजळीतून घेतलेल्या नसतात. त्या कर्ज काढून आणलेल्या असतात, आणि विकली न गेलेली प्रत्येक गाडी रोज थोडे थोडे व्याज खात असते. ज्या गाडीवर धूळ बसली आहे, जिचा रंग फारसा कोणी मागत नाही किंवा जिची नवी आवृत्ती येऊ घातली आहे, ती विक्रेत्याला नकोशी झालेली असते. आपल्याला तिचा रंग चालणार असेल, तर सौदा तेथेच अर्धा पिकलेला आहे.

याला जोडूनच उत्पादक कंपनीचे टार्गेट येते. महिन्यात किंवा तिमाहीत ठरलेल्या संख्येइतक्या गाड्या विकल्या, तर अनेक कंपन्या विक्रेत्याला वेगळी रक्कम देतात. त्या संख्येला एखादीच गाडी कमी पडत असेल, तर ती गाडी तोट्यात देऊनही विक्रेत्याचे भले होऊ शकते. महिनाअखेरीला गाडी घ्यावी, हा सल्ला येथूनच निघाला. तो खोटा नाही, पण माझ्या मते त्याचा जरा जास्तच बोलबाला झाला आहे, कारण टार्गेट आधीच पुरे झाले असेल किंवा हाताबाहेर गेले असेल, तर महिन्याची ३० तारीख आणि १० तारीख विक्रेत्याला सारखीच.

कंपनीची सूटही दोन वाटांनी येते. एक थेट गिऱ्हाइकासाठी जाहीर झालेली असते आणि दुसरी गुपचूप विक्रेत्याच्या हाती दिलेली असते, की ती पुढे द्यायची की ठेवून घ्यायची ते त्याने ठरवावे. अमेरिकेतल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोन्ही वाटांचा माग काढला. गिऱ्हाइकासाठी जाहीर झालेल्या सवलतीतला ७० ते ९० टक्के भाग गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत होता. विक्रेत्याला दिलेल्या सवलतीतला मात्र ३० ते ४० टक्केच. कंपनीच्या तिजोरीतून पैसे दोन्हीकडे जात होते, फरक होता तो गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता असण्या-नसण्याचा. “या मॉडेलवर सध्या कंपनीकडून तुम्हाला काही मिळते आहे का?” हा प्रश्न विचारायला म्हणूनच संकोचू नये. उत्तर खरे मिळेलच असे नाही, पण समोरचे गिऱ्हाईक किती तयारीने आले आहे, हे विक्रेत्याला कळते.

काचेवर छापील किंमत चिकटवलेली असते, मग एवढे कशाला, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत ती चिठ्ठी कायद्याने सक्तीची झाली १९५८ साली, ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मॉनरोनी यांच्या पुढाकाराने. आजही ती तेथे त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याआधी उत्पादकाने काय किंमत सुचवली आहे, हेही गिऱ्हाइकाला नीट कळत नसे आणि विक्रेता तोंडाला येईल तो भाव सांगू शकत असे. चिठ्ठीमुळे सुचवलेली किंमत सगळ्यांना दिसू लागली. विक्रेत्याला गाडी कितीला पडली आणि तो किती खाली येऊ शकतो, हे मात्र चिठ्ठी सांगत नाही, आणि सौदा होतो तो त्याच अंतरात.

ते अंतर मोजण्याची सर्वांत भरवशाची रीत आहे लेखी कोटेशनची. शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी, मॉडेल, आवृत्ती आणि रंग अगदी नक्की करून, चार-पाच विक्रेत्यांना एकच पत्र किंवा एकच ईमेल पाठवावा. त्यात एवढेच विचारावे, की कर, नोंदणी, विमा आणि तुमचे जे काही शुल्क असेल ते सर्व धरून गाडी माझ्या दारात येईपर्यंत एकूण किती द्यावे लागतील, ते बाबवार लिहून कळवा. काही जण उत्तरच देणार नाहीत, काही जण प्रत्यक्ष भेटायला या म्हणतील. ज्यांचे आकडे येतील त्यांतला सर्वांत कमी आकडा बाकीच्यांना दाखवून, याहून खाली येता का, असे एकदाच विचारावे. एकदाच, कारण चौथ्या फेरीला विक्रेताही कंटाळतो आणि हे गिऱ्हाईक आपल्याकडून काही घेणार नाही असे धरून चालतो.

लेखी विचारण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो थोडा कटू आहे. इयान एअर्स आणि पीटर सीगलमन या संशोधकांनी शिकागो परिसरातल्या शोरूममध्ये माणसे पाठवून पाहिले. सर्वांना भाव करताना काय बोलायचे ते तंतोतंत सारखे शिकवले होते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले, की गोऱ्या पुरुषांना सांगितलेले भाव स्त्रियांना आणि कृष्णवर्णीय पुरुषांना सांगितलेल्या भावांपेक्षा कमी होते. विक्रेता माणूस पाहून भाव सांगतो, हे आपण सगळे जाणतो. येथे ते मोजून दाखवले गेले. ईमेलला चेहरा नसतो, एवढे येथे पुरे आहे.

(पुन्हा टेबल दिसते. समोरची खुर्ची रिकामी आहे, कारण विक्रेता आत गेला आहे.)

हातात कोटेशन घेऊन बसले तरी पहिला आकडा कोण बोलतो याला महत्त्व उरतेच. आमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एका प्रयोगाची हकिगत लिहिली. त्यात लोकांसमोर एक चक्र फिरवले जाई आणि ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबे. मग त्यांना विचारले जाई, की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतल्या देशांचे प्रमाण किती टक्के असेल. चक्रावर १० पाहणाऱ्यांचा मधला अंदाज २५ निघाला आणि ६५ पाहणाऱ्यांचा ४५. ज्या आकड्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, त्याने उत्तर ओढून नेले. शोरूममधला पहिला आकडा तर अगदी संबंधित असतो, त्यामुळे त्याची ओढ सहज जाणवत नाही. छापील किमतीतून किती कमी कराल, असे विचारले की बोलणे छापील किमतीला बांधले जाते. त्याऐवजी आपल्याकडचा सर्वांत कमी लेखी आकडा टेबलावर ठेवावा आणि बोलणे तेथून सुरू करावे.

यानंतर विक्रेता “मॅनेजरना विचारून येतो” म्हणून उठतो. कधी खरेच विचारायचे असते, कधी फक्त वेळ जाऊ द्यायचा असतो. तीन तास बसलेल्या माणसाला रिकाम्या हाताने उठणे जड जाते, हे दोघांनाही ठाऊक असते. जुनी गाडी तपासायला म्हणून दिलेली किल्ली अशा वेळी लवकर परत येत नाही. म्हणून जुन्या गाडीचा व्यवहार त्या दिवशी काढूच नये, आणि जाताना घरी परतण्याची सोय स्वतःची ठेवावी.

मागणी जास्त आणि गाड्या कमी अशा काळात यातले बरेच काही चालत नाही, हेही सांगायला हवे. ज्या मॉडेलसाठी महिनोन्‌महिने नावे नोंदवली जातात, त्यावर सूट मागणे म्हणजे वेळ दवडणे. तेव्हा न मागितलेल्या वस्तू बिलातून काढून घेणे, एवढाच सौदा हाती राहतो. जनरल मोटर्सने १९९० साली बाजारात आणलेल्या आणि आता बंद झालेल्या सॅटर्न गाड्यांची किंमत मुळातच ठाम असे. तशी ती जेथे असते, तेथेही जुन्या गाडीचे मोल आणि कर्जाचा दर यांवर बोलता येते.

कर्जाचा विषय निघतो तो सहसा दुसऱ्या टेबलावर, किंमत ठरल्यावर, गिऱ्हाईक सैलावल्यावर. विक्रेता बँकेकडून एका दराने कर्ज मिळवतो आणि गिऱ्हाइकाला त्याहून थोडा वरचा दर सांगतो, अशी प्रथा बऱ्याच देशांत आहे. मघाचेच १,००,००० कर्ज ६० महिन्यांसाठी ९ ऐवजी १० टक्क्यांनी घेतले, तर हप्ता फक्त ४९ ने वाढतो आणि एकूण भरणा सुमारे २,९०० ने. ४९ साठी कोण वाद घालणार? पण किमतीत तेवढी सूट मिळावी म्हणून आपण मघाशी अर्धा तास बोललो होतो. आपल्या बँकेने मंजूर केलेल्या कर्जाचे पत्र खिशात असेल, तर त्याहून कमी दर देणार असाल तर सांगा, एवढेच म्हणावे लागते.

याच टेबलावर वाढीव वॉरंटी, रंगावरचा लेप, गंजरोधक थर आणि तऱ्हेतऱ्हेच्या अॅक्सेसरीज एकामागून एक पुढे येतात, आणि त्यांची किंमत पुन्हा हप्त्याच्या भाषेत सांगितली जाते. प्रत्येकीची पूर्ण किंमत वेगळी विचारावी. यांतले काही खरेच उपयोगी असेल, पण ते आजच आणि येथेच घ्यायला हवे असे क्वचितच असते.

(कॅमेरा टायरच्या बाजूला अगदी जवळ जातो. लंबगोल चौकटीत चार अंक दिसतात.)

उरलेली रक्कम भरण्याआधी ही गाडी एकदा वाकून पाहावी. टायरवर असे चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२४ याचा अर्थ २०२४ सालचा २३वा आठवडा. टायर गाडीपेक्षा थोडे आधीचे असणे स्वाभाविक आहे. पण नवी म्हणून दिली जाणारी गाडी वर्षभर आवारात उभी असेल, तर हे अंक तिकडे बोट दाखवतात, आणि मग निर्मितीची तारीख विचारून त्या हिशेबाने किंमत पुन्हा मागता येते. गाडीवरचा १७ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक कागदांवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर जुळवावा. मीटरवर किती अंतर दिसते ते लिहून घ्यावे.

मग करार हातात घ्यावा आणि दुसऱ्या हातात ईमेलने आलेले पहिले कोटेशन. दोन्हींतली प्रत्येक ओळ शेजारी ठेवून वाचावी, आणि करारात जी ओळ नवी दिसेल तिच्यावर बोट ठेवून ती कशाची ते विचारावे. शोरूममध्ये बसून केलेला करार दुसऱ्या दिवशी मन बदलले म्हणून मोडता येईलच असे नाही, त्यामुळे ती ओळ खोडून कागद पुन्हा छापून येईपर्यंत पेनाचे टोपण काढू नये.