थांबलेल्या पाण्यातला हिंडता मासा

मित्रहो, मी वेसाव्याचा. आमच्याकडे मासेमारीची पहिली शिकवण डोलीची. डोल जाळं खुंटांना बांधून पाण्यात उभं करायचं. पुढचं काम भरती-ओहोटीचं. उधाणाला पाण्याला ओढ असते, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, ती मंदावते, म्हणून दिवस मोजून जाळं लावायचं. मासा पाण्याबरोबर येतो, हे आमच्या अंगात मुरलेलं. काश्मीरच्या गंगाबळ तलावावर पहिल्यांदा ट्राउट मासा गरवायला, म्हणजे गळाने पकडायला गेलो, तेव्हा हेच ज्ञान आडवं आलं. त्या एका दिवसाबद्दल आज सांगतो.

गंगाबळ हरमुख शिखराच्या पायथ्याशी, साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. नारानागहून पायी चढावं लागतं आणि गरवायचा परवाना आधी काढून ठेवावा लागतो. तिथला ब्राउन ट्राउट मूळचा हिमालयातला नाही. १८९९ साली इंग्लंडहून निघालेली अंडी वाटेतच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली जगली आणि त्यांची पिलावळ काश्मीरच्या ओढ्या-तलावांत पसरली. मूळच्या माशांना या पाहुण्याचा जाच झाला, हेही सांगितलंच पाहिजे.

हा ट्राउट मी फ्लायने गरवत होतो. आता फ्लाय म्हणजे काय ते सांगतो. पिसं, धागा आणि बारीक तार गळावर गुंडाळून केलेली किड्याची नक्कल. तिला वजनच नसतं. आपण पवईला गरवतो तेव्हा शिसं दोरीला ओढत नेतं. इथे दोरीच जाड आणि जड असते, तीच हवेत मागे-पुढे झुलवून फेकायची; फ्लाय नुसती तिच्यामागून जाते. मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं. त्या क्षणभराच्या थांबण्यात सगळी फेक असते. घाई केली की दोरी पायाशी ढीग होऊन पडते.

सकाळी तीन तास मी जागचा हललो नाही. ओढ्यात हे चालतं, कारण तिथे ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका दगडाआड उभा असतो आणि वाहतं पाणी खाणं त्याच्यापुढे आणून ठेवतं. आमच्या डोलीसारखंच ते. तलावात पाणी काहीच आणून देत नाही. म्हणून मासा स्वतः हिंडतो. उथळ पाणी संपून खोल सुरू होतं त्या कडेने फेऱ्या मारतो, आणि वारा असला की बहुधा वाऱ्याच्या तोंडाला जात खातो.

दुपारी काठी खाली ठेवली आणि नुसता पाहत बसलो. पाण्यावर वर्तुळं उठत होती, पण आवाज नव्हता. नीट पाहिलं तर माशाची पाठ आणि शेपूट दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. तेव्हा उलगडलं. वरची चिलटं त्याला नको होती. तळाच्या चिखलात वाढलेल्या चिलटांचे कोष वर येतात, पाण्याच्या सायीखाली लटकतात, तिथेच कात फोडून चिलट उडून जातं. त्या लटकण्याच्या वेळी तो त्यांना टिपत होता; त्याचं तोंड पाण्याखालीच होतं.

मी तरंगणारी फ्लाय काढून कोषाच्या आकाराची, काळी, नखाएवढीही नसलेली बांधली. वर्तुळावर न टाकता, मासा पुढे जिथे पोहोचेल तिथे टाकली. मग बोटांत दोरी इतकी हळू गोळा करत राहिलो की पाहणाऱ्याला वाटावं मी काहीच करत नाही. दोरीचं टोक किंचित सरळ झालं. झटका असा नव्हताच. मी काठी उचलली आणि पलीकडे तो जिवंत होता.

हात आधी ओले करून धरला; कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं संरक्षण असतो. बाजूंवर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. गळाच्या टोकाला अडकवून ठेवणारा उलटा काटा नव्हता, सहज सुटला. कल्ले संथपणे हलेपर्यंत पाण्यात आधार देऊन धरला. मग शेपटीच्या एका फटक्यात माझ्या बोटांतून गेला, त्याच कडेने, वाऱ्याच्या तोंडाला.