संगणक खरंच बंद झाला होता का?

मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. विषय आहे, संगणक कधी सुरू झाला आणि कधी बंद झाला हे त्याच्या नोंदींतून कसं शोधायचं. ते सांगतोच, पण मला हा नाद का लागला ते आधी ऐका. आमच्या हिला हा किस्सा पाठ आहे, म्हणूनच ती आज आलेली नाही.

मी तेव्हा एका कचेरीत लेखा विभागात होतो. संध्याकाळी सहाला संगणक बंद करायचा, त्याच्यावर जुन्या पडद्याचं शिवलेलं कव्हर घालायचं आणि निघायचं. संगणक केव्हाच भंगारात गेला, कव्हर अजून आहे. एके दिवशी साहेबांनी माझ्याच टेबलापाशी बोलावलं. मशीनवर काय चाललंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडलेला, त्यात ‘अप टाइम’पुढे, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे त्यापुढे, अकरा दिवस! “तुम्ही मशीन बंदच करत नाही?” म्हटलं, साहेब, रोज करतो. “मग मशीन खोटं बोलतंय?” आता काय बोलणार! साहेब जाणकार, त्यांनी विंडोजची नोंदवही दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअरही धुंडाळला. 6006 ही बंद होतानाची नोंद अकरा दिवसांत एकदाही नाही. झालं, ‘विजेचा अपव्यय’ म्हणून मेमो हातात. साहेबांच्या केबिनमधला एसी रविवारीही चालायचा, पण ते असो.

साहेबांना तरी काय दोष द्यायचा? 2012 साली विंडोज 8 बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. आपण शट डाउन म्हणतो तेव्हा आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा तसाच डिस्कवर उतरवून ठेवतात आणि सकाळी तोच उचलून कामाला लावतात. त्यामुळे सुरू होतानाची 6005 नाही, बंद होतानाची 6006 नाही, अप टाइमही वाढतच राहतो. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणजे आपल्याकडे शट डाउन अर्धवट आणि रीस्टार्ट पूर्ण! हसा, मी तेव्हा हसलो नव्हतो.

पुढे ‘कर्नल-बूट’ची 27 क्रमांकाची नोंद सापडली. तिच्या मजकुरात बूटचा प्रकार असतो: शून्य म्हणजे पूर्ण सुरुवात, एक म्हणजे फास्ट स्टार्टअप, दोन म्हणजे हायबरनेटमधून, म्हणजे उघडे प्रोग्रॅमही डिस्कवर ठेवून बंद केलेलं मशीन. माझ्या रोजच्या सकाळपुढे एक! प्रिंट काढून नेली. साहेब म्हणाले, “फाइलला लावा.” मेमोही त्याच फाइलला आहे.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं, पटापट. इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टीम, मग ‘फिल्टर करंट लॉग’. तिथे आकडे टाका: 6005, 6006, 6008, 1074, 27, 41. 6005 म्हणजे नोंदसेवा सुरू झाली, 6006 म्हणजे नीट बंद झाली. 1074 मध्ये बंद करायला कुणी आणि कोणत्या प्रोग्रॅमनं सांगितलं ते कळतं. 41 म्हणजे नीट बंद न होताच मशीन पुन्हा उठलं. 6008 जपून वाचा. रात्री सव्वानऊला वीज गेली आणि सकाळी दहाला मशीन लावलं, तर नोंदीवर वेळ दहाची पडते; सव्वानऊच्या आसपासची वेळ आत मजकुरात असते. लोक वरची वेळ वाचतात आणि सकाळी आलेल्या शिपायावर आळ घेतात.

आणि हो, ही नोंदवही साधारण 20 एमबीची असते. भरली की जुनी पानं पुसली जातात. मेमो आला की त्याच दिवशी नोंदी सेव्ह करा, माझ्यासारखे तीन आठवडे थांबू नका. लिनक्सवाले मला बाहेर चहापाशी भेटा.