रिकाम्या पाकिटाचा धनी

ऐरोलीजवळ ठाणे खाडीला ओहोटी लागली की तिवरांच्या बुंध्याशी अडकलेली वेष्टने चिखलातून वर दिसू लागतात. तिवराची श्वसनमुळे बोटाएवढी, सरळ उभी असतात, आणि भरतीबरोबर वाहत आलेले वेफर्सचे पाकीट त्यांच्यावर टोपरे घातल्यासारखे बसते. ज्या मुळांनी झाडासाठी हवा घ्यायची, तीच झाकली जातात. याच खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

हे पाकीट कोणाचे? खाऊन फेकणाऱ्याचे, असे आपण सहज म्हणतो आणि उचलण्याचे काम महापालिकेवर सोडून देतो. कायदा मात्र आणखी मागे जातो. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ही जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडचे मालक यांच्यावर टाकली, आणि १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने तिला आकड्यांत बांधले. कंपनीने बाजारात किती प्लॅस्टिक आणले हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदवायचे, तेवढ्याची विल्हेवाट लागल्याची प्रमाणपत्रे नोंदणीकृत प्रक्रिया-उद्योगांकडून घ्यायची, आणि उद्दिष्ट चुकल्यास पर्यावरणीय भरपाई भरायची, अशी ही रचना आहे. कडक प्लॅस्टिकच्या पुनर्चक्रीकरणाचे किमान उद्दिष्ट २०२४-२५ साठी ५० टक्के होते, ते २०२७-२८ पर्यंत ८० टक्क्यांवर जायचे आहे. लवचिक आणि वेफर्सच्या पाकिटासारख्या बहुस्तरीय वेष्टनांसाठी ते ३० वरून ६० टक्क्यांवर जाईल.

बहुस्तरीय वेष्टनांसाठी उद्दिष्ट कमी का, हे कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हाताकडे पाहिले की कळते. पाण्याची बाटली ती एका पोत्यात टाकते, दुधाची पिशवी दुसऱ्यात. वेफर्सचे पाकीट हातात येताच ती ते उलटते, आतला चंदेरी थर पाहते आणि बाजूला सारते. प्लॅस्टिकला घट्ट चिकटलेला हा धातूचा पापुद्रा सुटा करणे अवघड आणि खर्चिक असल्यामुळे भंगारवाला त्याला भाव देत नाही. शिवाय एक किलो भरायला अशी शेकडो पाकिटे वेचावी लागतात. दिवसभराच्या मेहनतीचा मोबदला वजनावर मिळत असताना तिने ते का उचलावे?

कायद्याची खरी उणीव मला इथेच दिसते. त्याला वेष्टनाचा प्रकार आणि वजन कळते, ठिकाण कळत नाही. दुसऱ्या राज्यात गोळा झालेल्या, दुसऱ्याच कंपनीच्या वेष्टनांवरही उद्दिष्ट पूर्ण होऊ शकते, आणि खाडीतले पाकीट खाडीतच राहते. वेष्टने परत घेण्याची योजना कंपनी राबवू शकते, पण ती ऐच्छिक आहे. महाराष्ट्राने २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीसाठी किमान ५० पैशांच्या परताव्याची तरतूद केली होती; अशी किंमत या चंदेरी पाकिटाला मिळाली, आणि ती थेट वेचणाऱ्याच्या हाती पडली, तर ते बाजूला सारले जाणार नाही.

मुळावरून सोडवलेले हे पाकीट आता पाण्यात खळबळून घेतले आहे. चिखल निघाला, रंग बराच विटला आहे. कंपनीचे नाव आणि पत्ता मात्र अजून स्पष्ट वाचता येतो.