दुधात सोडिअम

(पडद्यावर: नाश्त्याच्या सिरियलचं रंगीत खोकं. वर मोठ्या अक्षरांत 'सोडिअम फ्लेक्स'.)

रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांची ही गंमत आहे. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर एखाद्या भडकू मूलद्रव्याचं नाव टाकायचं. सोडिअम फ्लेक्स. पोटॅशिअम पफ्स. सीझिअम क्रंच, दूध घाला आणि लांब पळा! मला ही गंमत मनापासून आवडते. ती कळून हसू यायचं, तर आवर्तसारणी थोडी तरी अंगात मुरलेली लागते. म्हणून आज हे खोकं आपण उघडूनच बघू. पडद्यावर. घरी नाही.

पहिली अडचण खोक्यापाशीच येते. पुठ्ठ्यात सोडिअम टिकत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतली ती बाटली आठवते? रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेले मळकट, पांढरट तुकडे. सर चिमट्याने एक तुकडा काढायचे, टिपकागदावर रॉकेल टिपून घ्यायचे आणि साध्या चाकूने कापायचे. धातू, पण पनीरसारखा कापला जायचा. कापलेली बाजू आरशासारखी लख्ख. मागच्या बाकावरची मुलं पुढे येईपर्यंत ती काळवंडायला लागलेली असायची. हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा तिला एवढीही उसंत देत नाहीत.

सीझिअमची तर गोष्टच वेगळी. तो 28.5 अंश सेल्सिअसला वितळतो. आपल्याकडच्या मे महिन्यात त्या खोक्यातून क्रंच निघणारच नाही, निघेल फिकट सोनेरी पातळ धातू, आणि हवा लागताच पेटेल.

(पडद्यावर: बाऊलमध्ये दुधाची धार, अगदी संथ गतीने.)

आता दूध. गाईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं, त्यामुळे सोडिअमला दूध काय आणि पाणी काय, सारखंच. तुकडा तरंगतो, कारण तो पाण्याहून हलका. तापतो, 98 अंशांच्या आसपास वितळून गोळी होते, आणि ती गोळी फसफसत पृष्ठभागावर सैरावैरा पळते. हायड्रोजन बाहेर पडतो. मागे उरतो कॉस्टिक सोडा. त्या उष्णतेत हाच सोडा दुधातल्या स्निग्धांशाला धरतो आणि त्याचा साबण करायला लागतो. पोटॅशिअम घातलं तर ते लगेच जांभळट ज्योतीने पेटतं.

माणसाने हे पहिल्यांदा पाहिलं ते 1807 च्या ऑक्टोबरमध्ये, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून, म्हणजे पोटॅशिअमच्या संयुगातून, वीज सोडली आणि पोटॅशिअमचे पाऱ्यासारखे चकाकणारे थेंब वर आले. काही फुटले, काही तिथेच पेटले. त्याचा मदतनीस असलेल्या चुलतभावाने पुढे सांगितलं, की डेव्ही आनंदाने खोलीभर नाचला. काही दिवसांत त्याने सोडिअमही वेगळं केलं. त्याच्या आधी हे दोन्ही धातू कुणाच्याही नजरेला पडले नव्हते.

मग स्फोट का होतो? शाळेत आपल्याला सांगतात, हायड्रोजन पेटतो म्हणून. ते खरंच आहे, पण पुरेसं नाही. धातू आणि पाणी यांच्यामध्ये वाफेचा आणि हायड्रोजनचा थर तयार होतो. या थराने दोघांना दूर ठेवायला हवं, अभिक्रिया मंदावायला हवी. ती मंदावत नाही, उलट भडकते. ही अडचण खूप साधी आहे. तरी दोनशे वर्षं प्रयोग दाखवले गेले आणि इथे फारसं कुणी थांबलं नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

थांबले ते प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ फिलिप मेसन आणि पावेल युंगविर्थ. मेसन यूट्यूबवर विज्ञानाचे व्हिडिओही करतात. या मंडळींनी सोडिअम-पोटॅशिअमचं मिश्रण घेतलं, जे खोलीच्या तापमानाला द्रवच असतं. त्याचा एक थेंब पाण्यात सोडला आणि सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा कॅमेरा लावला.

(पडद्यावर: थेंबाचं रेखाटन. त्याच्या अंगातून चहूबाजूंनी सुया फुटतात.)

थेंब पाण्याला टेकल्यापासून एक सहस्रांश सेकंदही झालेला नसतो, आणि त्यातून धातूच्या सुया बाहेर येतात, साळिंदराने काटे उभारावेत तशा. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एका झटक्यात पाण्यात निघून गेलेले असतात. मागे राहिलेले सगळे कण धनभारित, एकमेकांना ढकलणारे. थेंब स्वतःलाच फाडतो. प्रत्येक सुईबरोबर ताजा धातू पाण्यात घुसतो, वाफेच्या थराला मध्ये यायला वेळच मिळत नाही. हे 2015 साली प्रसिद्ध झालं.

एवढा दंगा प्रत्येक अणूतल्या एका इलेक्ट्रॉनचा. तो गेला की उरलेलं पोटॅशिअम अगदी शांत असतं. तुमच्या साध्या दुधात ते आहेच, 100 मिलिलिटरमध्ये साधारण 150 मिलिग्रॅम. मिठातून सोडिअमही पोटात जातं. पेशीच्या आवरणात एक पंप असतो, तो दर फेरीला सोडिअमचे तीन आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, बाहेर टाकतो आणि पोटॅशिअमचे दोन आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांना तो खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना सापडला. शोध 1957 चा, नोबेल मिळालं 1997 मध्ये. नाडी लागते, बोट हलतं, त्यामागे हीच ने-आण आहे.

पण तो पाण्यात पळून गेलेला इलेक्ट्रॉन? त्याच्या मागे हीच प्रागची मंडळी पुन्हा गेली. या वेळी थेंब पाण्यात टाकला नाही. निर्वात कक्षात टांगला आणि जवळ पाण्याची अगदी थोडी वाफ सोडली. थेंबावर पाण्याचा इतका पातळ थर बसला, की स्फोट होण्याआधीच इलेक्ट्रॉन त्या थरभर पसरले. पाणी धातूसारखं वागू लागलं. 2021 च्या त्या चित्रफितीत चंदेरी थेंब बघता बघता सोनेरी होतो. ते सोनेरी आहे ते पाणी. काही सेकंद तसंच झळकत राहतं, मग रंग उतरतो.