गरम गाडीचं दुखणं गरम असतानाच बघा

गाडी बंद केली की इंजिन लगेच थंड व्हायला लागतं, असं किती जणांना वाटतं? हात वर करा बरं. बरेच आहेत. मला आज नेमकं तेच खोडून काढायचंय. इंजिन बंद केलं की पाण्याचा पंप थांबतो, पट्ट्यावरचा पंखा थांबतो, समोरून येणारा वारा थांबतो. ब्लॉकमधली उष्णता मात्र कुठे जात नाही. ती बॉनेटखाली पसरते, आणि कार्बोरेटर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देतो तो), पेट्रोलची नळी, कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी जोरदार वीज तयार करते ती) हे सगळं चालत्या गाडीत तापत नाही इतकं उभ्या गाडीत तापतं. चहा घेऊन पंधरा-वीस मिनिटांनी तुम्ही सेल्फ मारता, ती वेळ सगळ्यांत वाईट. सकाळी एका सेल्फमध्ये उठणारी गाडी तिथे हटून बसते.

मे १९८६. आमची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. अण्णा म्हणजे माझे वडील चालवताहेत, आम्ही सहा जण, टपावर दोन वळकट्या. एक्स्प्रेसवे तेव्हा नव्हता, खोपोली सोडली की जुना खंडाळ्याचा घाट. शिंग्रोबापाशी अण्णांनी गाडी थांबवली. (घाटातली वाट इंग्रजांना ज्यानं दाखवली म्हणतात, त्या शिंग्रोबा धनगराचं हे देऊळ. तिथे नाणं टाकल्याशिवाय आमची आजी पुढे जाऊ द्यायची नाही.) दर्शन झालं, दहीभात झाला, आणि गाडी काही केल्या चालू होईना. मागून येणाऱ्या ट्रकचा क्लीनर उतरला, बॉनेट उघडलेलं बघून म्हणाला, “काका, फडकं ओलं करा.” आईनं दहीभाताच्या डब्याचं फडकं सोडलं, फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं, अण्णांनी ते इंजिनाच्या कुशीतल्या पेट्रोल पंपावर गुंडाळलं. दहा मिनिटांत गाडी चालू. या सभागृहातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाकडे अशी एक फडक्याची गोष्ट असणार, मान डोलावताय त्यावरून दिसतंच आहे.

त्या फडक्यात फार सुंदर विज्ञान आहे. पद्मिनीची टाकी मागे डिकीत आणि पंप पुढे इंजिनावर. पंप पेट्रोल ओढतो, म्हणून नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. कुकरच्या बरोबर उलट! दाब कमी असला की उकळायला उष्णता कमी लागते, आणि पेट्रोलमधले हलके घटक तर ३५-४० अंशांपासूनच वाफ होऊ लागतात. पंपाचा पडदा मग नुसती वाफ दाबत आणि सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. ओल्या फडक्यातलं पाणी सुकताना पंपाची उष्णता घेऊन जातं आणि वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं.

दोन वर्षांनी तीच गाडी पुण्यात तेच करू लागली. फडकं घातलं, उपयोग शून्य. गाडी गॅरेजमध्ये दिली. आधी बॅटरी बदलली. मग प्लग. मग कार्बोरेटर उघडून साफ केला. दर वेळी निरोप एकच, “साहेब, गाडी एकदम ओके आहे, एका सेल्फमध्ये चालू होते.” होणारच! रात्रभर त्यांच्याकडे उभी राहून ती थंडगार झालेली असायची. ताप उतरल्यावर पेशंट तपासायचा आणि आजार नाही म्हणायचं, याचा राग मला आजही येतो. पैसे गेले त्याचं सोडा. तिन्ही वेळा त्या गाडीचं दुखणं एकदाही कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

शेवटी अण्णांनी ते पाहिलं. एका दुपारी गाडी कात्रजपर्यंत पिटाळली, दारात आणून बंद केली आणि वीस मिनिटं पायरीवर बसून राहिले. मग प्लगच्या वायरीला एक जादा प्लग लावला, तो ब्लॉकला टेकवून ठेवला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही. आता तेच ओलं फडकं त्यांनी कॉइलच्या अंगाला धरलं, तोंडाकडच्या वायरींना पाणी लागू न देता. पाच मिनिटांनी सेल्फ मारला तर निळी, खणखणीत ठिणगी. कॉइल तापली की मरत होती, निवली की जगत होती. कॉइल बदलली आणि विषय संपला.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. हल्लीच्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांचं सांगायचं कबूल केलं होतं, ते भरभर सांगतो.

पहिल्यांदा कान द्या. सेल्फच जड, रडत फिरतोय? मग बॅटरी, अर्थिंगची पट्टी आणि स्टार्टर बघा, पेट्रोलच्या मागे लागू नका. सेल्फ जोरात फिरतोय आणि पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे ओव्हर झालंय, इंजिनात पेट्रोल जास्त गेलंय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पंपिंग करू नका, जुन्या गाडीत तर मुळीच नाही. चालू झाली तर इंजेक्टर गळतोय का, ते तपासून घ्या. पाण्याच्या तापमानाचा सेन्सरही बघा. तो गरम इंजिनाला थंड समजला तर कॉम्प्युटर उगाच जास्त पेट्रोल सोडतो. वास येत नसेल तर सेल्फ न मारता किल्ली ऑन करा, दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. यानं लगेच चालू झाली, तर टाकीतल्या पंपाचा व्हॉल्व्ह दाब धरून ठेवत नसावा. आणि सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल, तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्या, तोही त्या कॉइलसारखाच तापल्यावर दगा देतो.

पेट्रोलचा वास येत असताना ठिणगीची परीक्षा करायची नाही, आग लागते. तापलेल्या इंजिनावर बादलीनं पाणी ओतायचं नाही. गॅरेजमध्ये गाडी ठेवून निघून यायचं नाही. गरम करून न्या, मेकॅनिकसमोर बंद करा आणि वीस मिनिटं तिथेच थांबा.

प्रश्न आता घेता येणार नाहीत. ज्यांच्या गाड्या त्रास देताहेत त्यांनी रविवारी दुपारी याच आवारात या. फक्त येताना निदान दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा.